मृग लागतो म्हणजे काय होते?

जूनचा पहिला आठवडा सरला की गावोगाव एकच बोलणे चालते. "मृग लागला." "मृग कोरडा चालला." "यंदा मृगाची पेर साधली." लहान पोरालासुद्धा हा शब्द ठाऊक असतो. पण मृग लागतो म्हणजे नेमके काय होते? आभाळात कोण कुठे जाते? असे विचारले, तर बहुतेक जण सांगतात, "पंचांगात लिहिलेले असते."

पंचांगात लिहिलेले असते हे खरे. पण पंचांग करणाऱ्याला ते कुठून कळते? ते कळते पृथ्वीच्या चालीवरून. मृग लागतो, कारण पृथ्वी चालते. ज्या जमिनीवर आपले घर आहे, शेत आहे, ती जमीन एक पळभरही थांबत नाही. ती किती वेगाने चालते? ही चाल आपल्याला कळत का नाही? आणि माणसाने ती मोजली तरी कशी? हे आज आपण पाहू.

पहिली चाल : स्वतःभोवती

पृथ्वी गोल आहे. ती स्वतःभोवती फिरते. पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. म्हणून सूर्य, चंद्र आणि तारे आपल्याला पूर्वेला उगवताना आणि पश्चिमेला मावळताना दिसतात.

एसटीत बसून बाहेर बघा. रस्त्याकडेच्या बाभळी मागे पळताना दिसतात. बाभळी काही पळत नाहीत. पळते ती गाडी. आभाळाचेही तसेच आहे. हीच गोष्ट आपल्या देशात आर्यभटांनी इसवी सन ४९९ साली लिहून ठेवली. त्यांनी नावेचा दाखला दिला. त्या काळी एसटी नव्हती, पण नाव होती.

पुढच्या पुष्कळ पंडितांना हे पटले नाही. वराहमिहिर हे मोठे ज्योतिषी. त्यांनी शंका काढली : पृथ्वी फिरत असती, तर आभाळात उडालेले पाखरू आपल्या घरट्यात परत कसे आले असते? घरटे तर केव्हाच पुढे निघून गेले असते! शंका चांगली आहे. आजही गावात कोणी ना कोणी विचारतोच, "गुरुजी, पृथ्वी एवढी गरगर फिरते, मग आपण पडत कसे नाही?"

याचे उत्तर उदगीरच्या स्टेशनावर मिळते. गाडी सुटते तेव्हा आपल्याला झटका बसतो. ती थांबते तेव्हाही झटका बसतो. पण गाडी एकदा एकसारखी चालू लागली, म्हणजे डब्यात आपण आरामात चहा पितो. रुपयाचे नाणे वर उडवले तर ते परत आपल्याच हातात पडते. मागच्या बाकावर जाऊन पडत नाही. कारण ते नाणेही गाडीच्याच वेगाने पुढे जात असते. तसेच हवा, पाखरू, घरटे, झाड आणि आपण, सगळे पृथ्वीबरोबरच फिरतो.

यातून एक गोष्ट ध्यानात ठेवा. झटका अंगाला कळतो. एकसारखी चाल अंगाला कळत नाही. आणि पडायचे म्हणाल, तर पृथ्वी आपल्याला आपल्याकडे ओढून धरते. म्हणून आपण पडत नाही.

आता वेग बघा. उदगीरची जमीन या फिरण्यामुळे तासाला सुमारे १,५९० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते आहे. तुम्ही हा धडा वाचत बसलात, तेवढ्यात काही शे किलोमीटर झालेसुद्धा!

या फिरण्याचे माप आपल्या मनगटावरही आहे. साऱ्या भारताचे घड्याळ एकच आहे. ते उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर लावलेले आहे. उदगीर त्या रेषेच्या पश्चिमेला आहे. त्या रेषेवर भर दुपार झाली, की उदगीरला भर दुपार व्हायला आणखी सुमारे २१ मिनिटे लागतात. ही २१ मिनिटे म्हणजे पृथ्वीला तेवढे वळायला लागलेला वेळ.

पृथ्वी फिरते याचा पुरावा आभाळाकडे न बघताही मिळतो. १८५१ साली फ्रान्स देशातल्या पॅरिस शहरात फूको नावाच्या शास्त्रज्ञाने एक जड गोळा उंच छताला लांब तारेने टांगला. त्याला झोका दिला. गोळा ज्या रेषेत झुलू लागला, ती रेषा हळूहळू वळताना लोकांना दिसली. गोळ्याला तर कोणी वळवले नव्हते. मग वळत काय होते? गोळ्याखालची फरशी! फरशीसकट इमारत, इमारतीसकट शहर आणि शहरासकट पृथ्वी. असा झुलता गोळा पुण्याला आयुका या संस्थेतही आहे.

दुसरी चाल : सूर्याभोवती

आता मृगाकडे येऊ.

जुने खळे आठवा. मधे तिवडा रोवलेला असे. त्याच्याभोवती बैलांची पात फिरे. बैलांमागे चालणाऱ्या माणसाने तिवड्याकडे बघितले, तर तिवड्याच्या पलीकडे त्याला काय दिसे? एकदा वड दिसे. थोडे पुढे गेल्यावर विहीर दिसे. आणखी पुढे गेल्यावर मारुतीचे देऊळ दिसे. एक फेरा पुरा झाला की पुन्हा वड. वड, विहीर, देऊळ कोणीच हललेले नसे. हलत असे तो माणूस.

यात तिवडा म्हणजे सूर्य. चालणारा माणूस म्हणजे आपली पृथ्वी. आणि लांबची झाडे, देवळे म्हणजे तारे. आपल्या पूर्वजांनी सूर्याच्या वाटेवरच्या ताऱ्यांचे २७ भाग केले. त्यांना नावे दिली : अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग, आर्द्रा आणि पुढची सारी. पृथ्वी चालत चालत अशा जागी येते, की सूर्याच्या पाठीमागे मृगाचा भाग सुरू होतो. तेव्हा आपण म्हणतो, मृग लागला. हे ७ किंवा ८ जूनला होते. तेरा-चौदा दिवसांनी पृथ्वी आणखी पुढे जाते. मग आर्द्रा लागते. असे २७ भाग झाले की वर्ष पुरे होते.

तुम्ही म्हणाल, सूर्य असताना तारे दिसतच नाहीत. मग त्याच्यामागे मृग आहे हे कळते कसे? सोपे आहे. डिसेंबरच्या मध्यावर मध्यरात्री बाहेर येऊन वर बघा. चार ताऱ्यांचा चौकोन दिसेल. त्याच्या मधे तीन तारे एका ओळीत दिसतील. त्यांना कोणी तिकांडे म्हणतात, कोणी मृगाच्या पोटातला बाण म्हणतात. डिसेंबरात मध्यरात्री मृग उंच चढतो. याचा अर्थ असा, की त्या वेळी सूर्य त्याच्या अगदी उलट बाजूला आहे. सहा महिन्यांनी, जूनमध्ये, सूर्य मृगाच्या बाजूला येतो. त्याच्या उजेडात मृग लपतो.

एक फेरा पुरा व्हायला किती वेळ लागतो? ताऱ्यांच्या मानाने ३६५ दिवस, ६ तास आणि ९ मिनिटे. आपल्या महाराष्ट्राचे नाव ज्यांच्याशी जोडलेले आहे ते भास्कराचार्य १११४ साली जन्मले. चाळीसगावजवळच्या पाटण गावी त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ग्रंथावरून हाच काळ ३६५ दिवस, ६ तास आणि १२ मिनिटे येतो. फरक पडला फक्त तीन मिनिटांचा! त्या काळी दुर्बीण नव्हती, आजच्यासारखे घड्याळही नव्हते. सूर्य फिरतो असे तेव्हा मानत असत. तरी पिढ्यान्‌पिढ्या नेमाने बघितले आणि लिहून ठेवले, म्हणून माप इतके जवळ आले.

हा वेग कसा काढला?

हिशेब करायला आपणही बसू. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. म्हणजे पृथ्वीच्या एका फेऱ्याची वाट सुमारे ९४ कोटी किलोमीटर झाली. तिला ३६५ दिवसांनी भागा. एका दिवसाला सुमारे २५ लाख ७५ हजार किलोमीटर येतात. तासाला एक लाख सात हजारांच्या वर जातात. आणि एका सेकंदाला? सुमारे ३० किलोमीटर! उदगीरहून लातूरला एसटीने जायला दीड-दोन तास लागतात. तेवढे अंतर पृथ्वी दोन-तीन सेकंदांत तोडते.

पण हा झाला कागदावरचा हिशेब. आभाळात याची खूण दिसते काय? दिसते. ती इंग्लंडमधल्या ब्रॅडली नावाच्या शास्त्रज्ञाला १७२८ च्या सुमारास सापडली.

पाऊस सरळ पडत असताना तुम्ही उभे राहिलात, तर छत्री सरळ धरता. पण झपझप चालू लागलात, की पाऊस तोंडावर येतो. मग छत्री पुढे कलती धरावी लागते. जितके वेगाने चालाल, तितकी जास्त कलवावी लागते. ताऱ्यांचा प्रकाश हाही आपल्यावर पडणारा पाऊसच समजा. पृथ्वी धावते, म्हणून दुर्बीणही धावण्याच्या दिशेला किंचित कलती धरावी लागते. सहा महिन्यांनी पृथ्वी उलट दिशेला धावत असते. तेव्हा दुर्बीण उलट बाजूला कलवावी लागते. पृथ्वी जागेवर उभी असती, तर हे घडलेच नसते.

हे कलणे फार थोडे आहे. एक इंच रुंदीचे नाणे अडीचशे मीटरवरून जेवढे दिसेल, तेवढेच. पण ब्रॅडलीने ते मोजले. त्यावरून कळले, की पृथ्वीचा वेग हा प्रकाशाच्या वेगाचा सुमारे दहा हजारावा भाग आहे. प्रकाश एका सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. त्याचा दहा हजारावा भाग किती? ३० किलोमीटर. आपला कागदावरचा हिशेबही तेवढाच होता. दोन निराळ्या वाटांनी निघालो आणि एकाच गावी पोचलो. असे झाले, म्हणजे माप खरे समजावे.

तिसरी चाल : सूर्यही थांबलेला नाही

मग खळ्यातला तिवडा तरी जागेवर आहे काय? नाही. सूर्यही चालतो. आपल्याला आणि साऱ्या ग्रहांना बरोबर घेऊन चालतो.

हे कसे कळले? वाहनात पुढे बसून बघा. समोरच्या लांबच्या झाडांमधली फट आपण जवळ जाऊ तशी रुंद होते. मागे वळून बघा. मागची झाडे एकमेकांच्या जवळ सरकतात. १७८३ साली विल्यम हर्शेल या ज्योतिषाने ताऱ्यांच्या जागा तपासल्या. आभाळाच्या एका बाजूचे तारे फाकत होते, उलट बाजूचे जवळ येत होते. त्यावरून सूर्य कुठल्या दिशेला चालला आहे हे त्याने सांगितले.

हे सरकणे इतके सावकाश असते, की एका माणसाच्या आयुष्यात डोळ्यांना कळत नाही. म्हणून आज मोजायचे आणि पुढच्या पिढ्यांनी ताडून बघायचे, असे करावे लागते. या कामात आपल्या भागाचाही वाटा आहे. १९५६ पर्यंत उदगीर हैदराबाद राज्यात होते. त्या हैदराबादेत निजामिया वेधशाळा होती. १९०८ साली ती सरकारी झाली. जगातल्या अनेक वेधशाळांनी सारे आभाळ वाटून घेऊन ताऱ्यांचे फोटो काढायचे ठरवले होते. हैदराबादच्या वाट्याला आलेल्या पट्ट्यांत सात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा मोजल्या गेल्या. काचेवर फोटो घ्यायचे आणि एकेक ठिपका मोजायचा, असे ते काम होते. युरोपने २०१३ साली गाइया नावाची दुर्बीण अवकाशात सोडली. तिने २०२५ पर्यंत सुमारे दोनशे कोटी ताऱ्यांच्या जागा आणि चाली मोजल्या.

आज आपल्याला माहीत आहे, की सूर्य आकाशगंगेच्या मध्याभोवती फिरतो. वेग सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर. एका फेऱ्याला वीस कोटींहून अधिक वर्षे लागतात.

मग पृथ्वीचा खरा वेग कोणता? १,५९० किलोमीटर तासाला, ३० किलोमीटर सेकंदाला की २३० किलोमीटर सेकंदाला? तिन्ही खरे. एसटीत बसलेला माणूस बाकाच्या मानाने बसलेला आहे आणि रस्त्याच्या मानाने धावतो आहे. वेग सांगताना कशाच्या मानाने, हे आधी सांगावे लागते.

चौथी चाल : भोवऱ्याची

सर्वांत सावकाश चाल शेवटी सांगतो. पण शेतकऱ्याचा संबंध तिच्याशी अधिक येतो.

फिरणारा भोवरा बघा. तो स्वतःभोवती तर गरगर फिरतोच. शिवाय त्याचा वरचा दांडा हळूहळू डुलत गोल फिरतो. पृथ्वीचा आसही असाच डुलतो. एक डोल पुरा व्हायला सुमारे २६,००० वर्षे लागतात.

पृथ्वीचा आस कललेला आहे. म्हणून उन्हाळा, पावसाळा, हिवाळा होतात. ऋतू चालतात ते या कलण्यावर. मृग चालतो तो ताऱ्यांवर. आस डुलत असल्यामुळे या दोन्ही हिशेबांत थोडा फरक पडतो. ताऱ्यांचे वर्ष ३६५ दिवस, ६ तास, ९ मिनिटांचे. ऋतूंचे वर्ष ३६५ दिवस, ५ तास, ४९ मिनिटांचे. फरक फक्त २० मिनिटांचा!

वीस मिनिटे म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण गुणाकार करा. ७२ वर्षांत ७२ गुणिले २०, म्हणजे १,४४० मिनिटे. म्हणजे बरोबर एक दिवस. दर ७२ वर्षांनी मृग ऋतूच्या मानाने सुमारे एक दिवस उशिरा लागतो. आर्यभटांना होऊन दीड हजार वर्षे झाली. त्यांच्या काळी मृग आजच्यापेक्षा तीन आठवडे आधी, भर उन्हाळ्यात लागत होता. आणखी दीड हजार वर्षांनी तो जूनच्या अखेरीस लागेल.

हे आपल्या सरकारनेही ध्यानात घेतले. १९५२ साली मेघनाद साहा या शास्त्रज्ञांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिच्या सल्ल्याने ऋतूंना धरून चालणारी राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून सुरू झाली.

मग पेरणी केव्हा करावी?

मृगाचे तारे पाऊस पाडत नाहीत. उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्रावरून ओले वारे जमिनीकडे येतात आणि पाऊस पडतो. आपल्या काळात ही वेळ आणि मृगाची तारीख जवळ जवळ आल्या आहेत, इतकेच. आपल्या वाडवडिलांनी ही जुळणी बघून पेरणीचा अंदाज बांधला. त्यांचे बघणे खोटे नव्हते. त्यांच्याकडे पर्जन्यमापक नव्हता, रेडिओ नव्हता. तारे हेच त्यांचे घड्याळ होते.

पण घड्याळात वेळ झाली म्हणून एसटी येतेच असे नाही. तसेच मृग लागला म्हणून पाऊस येतोच असे नाही. मृग वेळेवर लागतो, कारण पृथ्वीची चाल वेळेवर आहे. पाऊस मात्र कधी आठ दिवस आधी येतो, कधी तीन आठवडे ताणतो. तारीख बघून कोरड्यात सोयाबीन टाकले आणि पावसाने ओढ दिली, तर बी करपते. दुबार पेरणी येते. बियाणे, खत, मजुरी, सारे पुन्हा घालावे लागते. कर्ज होते ते असेच.

म्हणून कृषी खात्याचा सल्ला ऐका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि जमिनीत चांगली ओल उतरल्यावरच पेरा. मृगाने तयारीला लागावे : बियाणे तपासावे, उगवण बघावी, अवजारे नीट करावी. पेरणी मात्र ओल बघून करावी.

हे करून पाहा

१. घरासमोर एक जागा ठरवा. रात्री ठीक नऊ वाजता तिथे उभे राहा. एखादा ठळक तारा लिंबाच्या किंवा घराच्या एखाद्या ठरावीक टोकाला आला असेल तो हेरून ठेवा. पंधरा दिवसांनी त्याच जागी उभे राहा. तोच तारा त्याच टोकाला आठ वाजताच आलेला दिसेल. दररोज सुमारे चार मिनिटे आधी. हे पृथ्वीचे सूर्याभोवतीचे चालणे आहे. ते तुम्ही स्वतः मोजले!

२. सपाट जमिनीत एक काठी अगदी उभी रोवा. मेच्या १३-१४ तारखेच्या सुमारास दुपारी सव्वाबारा वाजल्यापासून तिची सावली बघत राहा. थोड्याच वेळात सावली काठीच्या बुडाशी नाहीशी होईल. त्या दिवशी भर दुपारी सूर्य उदगीरच्या बरोबर डोक्यावर असतो.

३. पावसाळ्यात गावात रोज किती मिलिमीटर पाऊस झाला, ते वहीत तारखेसह लिहून ठेवा. मृग कोणत्या दिवशी लागला आणि पेरण्याजोगी ओल कोणत्या दिवशी झाली, हेही लिहा. पाच-सात वर्षे असे लिहिले, तर ती वही तुमच्या मुलांच्या कामी येईल.

तुम्हाला आता लिहिता येते. मोठमोठ्या ज्योतिष्यांनीही मूळ काम एवढेच केले. रोज बघितले आणि रोज लिहून ठेवले.